घासून घासून दात झिजतात का?

थंड पाणी प्यायलं की एखाद्या दातातून कळ जाते. आरशात पाहिलं तर हिरडीला लागून बारीक खाच दिसते. कीड तर नाही, मग हे काय? बऱ्याचदा ही जोरात दात घासण्याचीच खूण असते.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वात कठीण भाग. नुसता ब्रश फिरवून ते सहसा झिजत नाही. पण हिरडीजवळ ते अगदी पातळ असतं आणि हिरडी मागे सरकली की मुळाचा मऊ भाग उघडा पडतो. तिथे खरखरीत पावडर घेऊन आडवं घासत राहिलं की काही वर्षांत इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची डावी बाजू अनेकदा जास्त झिजलेली असते.

भिवंडीत यंत्रमागाच्या कामासाठी तेलंगणापासून उत्तर प्रदेशापर्यंतची माणसं आली, आणि तोंड धुण्याच्या सवयीही सोबत आल्या. कुणाचा ब्रश, कुणाचं कडुनिंबाचं दातण किंवा मिसवाक, कुणाचं लाल मंजन. या मंजनात बहुधा गेरू, म्हणजे एक प्रकारची मातीच असते. बोटाने हलकं लावणं वेगळं आणि कडक ब्रशने रगडणं वेगळं.

मशेरीचं तर विचारूच नका. तंबाखूयुक्त पेस्ट आणि मंजनावर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली, पण तव्यावर तंबाखू भाजून केलेली घरची मशेरी अजून चालते. इथे झीज हा त्यातल्या त्यात लहान धोका. मोठा धोका तोंडाच्या कॅन्सरचा.

सगळी झीज मात्र ब्रशमुळे होत नाही. सतत सुपारी चघळणाऱ्यांचे दात चावण्याच्या बाजूने झिजतात. लिंबूपाणी, कोल्ड्रिंक यांतल्या आम्लाने एनॅमल तात्पुरतं मऊ पडतं. अशा वेळी लगेच ब्रश करू नका. चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा.

बाकी उपाय साधे आहेत. मऊ केसांचा ब्रश घ्या आणि तो पेनसारखा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. हिरडीकडे तिरका ठेवून छोटे गोल फिरवा, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. महिनाभरातच ब्रशचे केस पिंजारत असतील, तर हात जड आहे असं समजा.

झिजलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. दंतवैद्य खाच भरून देतात, पण घासणं तसंच राहिलं तर भरलेल्या जागेच्या कडेनेही दात झिजत जातो.