पेटीत न मावणारे सूर

तंबोरा चांगला जुळवावा आणि एकाग्र चित्ताने ऐकत बसावे. खर्जाची तार छेडली की तिच्या गुंजनातून एक सूक्ष्म गंधार आपोआप उमटतो. तो कोणी वाजवीत नाही, तारच बोलते. आता त्याच षड्जावरून पेटीचा गंधार वाजवून पाहावा. दोन्ही गंधार जवळजवळ सारखे, पण अगदी एक नव्हेत. पेटीचा किंचित चढा लागतो. याचे कारण असे की, निसर्गतः षड्ज व गंधार यांच्या कंपनांचे प्रमाण चारास पाच असे असते. परंतु कोणत्याही पट्टीतून गाणे उचलता यावे म्हणून आजच्या पेटीत व पियानोत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. सोय झाली खरी, पण प्रमाण थोडे ढळले.

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, आणि श्रुतींची पेटी घडविण्याचाही प्रयत्न त्या काळी झाला. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीस आपल्या दाराबाहेरच ठेविले होते.

हेच शल्य उराशी धरून एका अमेरिकन संगीतकाराने आपले सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव हॅरी पार्च. जन्म १९०१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे. आईवडिलांनी पूर्वी चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केले होते. मुलाचे बालपण मात्र ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथील रुक्ष मुलखात गेले. पियानोचे बारा सूर मानवी वाणीतील चढउतार पकडू शकत नाहीत, अशी त्याची खात्री होत गेली. १९३० साली त्याने आपल्या चौदा वर्षांच्या रचना शेगडीत जाळून टाकल्या आणि नव्याने आरंभ केला.

पुढे त्याने एका सप्तकात ४३ स्वरस्थाने मानली. ती समान अंतराची नव्हती. प्रत्येक स्थान शुद्ध प्रमाणावरून काढलेले होते. पण हे स्वर वाजवायचे कशावर? बाजारात तसे वाद्य नव्हते. तेव्हा हा संगीतकार हाती करवत व रंधा घेऊन सुतार झाला. प्रथम त्याने व्हायोला या तंतुवाद्यास लांब मान बसविली. नंतर जुनी पायपेटी घेऊन तिचे सूर बदलले आणि पट्ट्यांवर रंग व आकडे घातले. मधल्या मंदीच्या काळात तो बेकारांबरोबर गावोगाव भटकला, मिळेल ते काम करून राहिला. वाटसरूंनी बार्स्टो गावाजवळ रस्त्याच्या कठड्यावर खरडलेले मजकूर त्याने १९४१ साली संगीतात बसविले.

त्याच्या वाद्यांची सामग्री पाहिली म्हणजे नवल वाटते. बर्कले येथील किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत त्यास जाड काचेच्या मोठ्या बरण्या मिळाल्या. त्यांचे वरचे व खालचे भाग कापून त्याने वाडगी केली आणि लाकडी चौकटीत टांगली. कडेवर हलकेच आघात केला की त्यांतून घंटेसारखा पण अधिक मृदू नाद निघतो. तोफगोळ्यांची पितळी टरफले टांगून १९५० साली त्याने एक वाद्य केले व त्यास ‘युद्धातील लूट’ असे नाव दिले. विमानाच्या इंधनटाकीच्या टोकांपासून झांजा झाल्या. निलगिरीच्या फांदीला भोपळे व देवळातील घंटा लागल्या. दारूच्या रिकाम्या बाटल्याही सुरात आल्या. एका वाद्याची लाकडी फळी तर इतकी मोठी की तिचा खर्ज कानापेक्षा छातीतच अधिक जाणवतो.

कोणी म्हणेल, हा तर भंगाराचा गोंगाट. आम्हांस तसे वाटत नाही. गोंगाटात माप नसते. येथे प्रत्येक तुकडा घासून, कापून, ताडून ठरलेल्या स्वरावर आणलेला होता. आधी कान, मग हात, मग वस्तू, असा हा क्रम आहे. मातीच्या मडक्यास कातडे ताणून घुमट करणाऱ्या गोव्याच्या कारागिरास हे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र या मार्गाची किंमतही मोठी. काचेचे वाडगे फुटले तर त्याच सुराचे दुसरे दुकानात मिळत नाही. ही वाद्ये वाजविण्यास वादकांना नव्याने शिकावे लागे, आणि त्यांचा पसारा ठेवण्यास जागा लागे; त्यासाठी पार्चला वारंवार बिऱ्हाड हलवावे लागले. त्याचे मोठे संगीतनाट्य ‘डिल्यूजन ऑफ द फ्युरी’ १९६९ साली लॉस एंजेलिस येथे रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे वय सदुसष्ट होते. १९७४ साली तो वारला.

वाद्ये त्याच्याबरोबर मुकी होतील असे भय होते. तसे झाले नाही. ती जपणाऱ्यांनी जपली. २०१४ साली ती सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात नेण्यात आली. त्याआधी २०१३ साली जर्मनीतील कोलोनच्या एका वादकसंघाने सर्व वाद्यांच्या प्रतिकृती घडवून तेच नाट्य पुन्हा सादर केले. म्हणजे एका माणसाच्या कानातला सूर दुसऱ्यांच्या हातांनी जगला.

वाचकांच्या घरी मुले डबे, वाट्या व बाटल्या बडवीत असतील. त्यांना नुसते दटावण्यापेक्षा सात सारख्या बाटल्या द्याव्यात, कमीअधिक पाणी घालावे, आणि चमच्याने हलकेच वाजवून सा रे ग म लावून घ्यावा. गंधार जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी वाढवावे, घटवावे. त्या शोधात मूल जे ऐकावयास शिकेल, ते पुढे गाताना, आणि दुसऱ्याचे ऐकून घेतानाही, त्याच्या उपयोगी पडेल.