परवाना होता तेव्हा, परवाना गेल्यावर

शिकारीचा परवाना कुठे काढायचा, असं आज बुलढाण्यात वन खात्यातल्या कोणाला विचारलं, तर तो आधी तुमच्याकडे नीट बघून घेईल. १९९१ पर्यंत मात्र हा प्रश्न रीतसर होता.

वऱ्हाडात इंग्रजी अमलापासूनच कागद दोन होते. बंदूक बाळगायची तर १८७८ चा शस्त्र कायदा, आणि राखीव जंगलात ती चालवायची तर वन खात्याची परवानगी. १९१२ च्या कायद्याने काही प्राणी-पक्ष्यांसाठी बंदीचा हंगामही ठरवता येऊ लागला. ही सगळी व्यवस्था बंदूकवाल्याची. फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या पारध्याच्या वाट्याला परवाना नव्हे, ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का आला; तो कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार लगेच बंद केली, हा समज चुकीचा आहे. वाघासारखे पहिल्या अनुसूचीतले प्राणी वाचले खरे, पण बाकीच्यांसाठी त्याच कायद्यात चार परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडण्याचा. किती जनावरं मारली याची नोंद परवानाधारकाने ठेवायची. हौशी माणसाला झेपेल असा हिशेब होता तो. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने रद्द झाले.

पुढे १९९७ मध्ये ज्ञानगंगा आणि अंबाबारवा ही अभयारण्यं झाली. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत येऊन थांबला. तिथल्या बोथ्याच्या घाटातून जाणाऱ्यांना त्याचं केवढं अप्रूप!

शेतकऱ्याला वाघाचं अप्रूप असेलही. त्याची झोप उडवतात ते रोही आणि रानडुकरं. तूर, हरभरा, मका, काही सुटत नाही. रात्र रात्र जागल करायची, डबे वाजवायचे. आणि इथेच १९७२ च्या कायद्यात एक फट उरली आहे. कलम ११ खाली पिकाची नासधूस करणारं जनावर मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांपुरता हा अधिकार राज्याने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. म्हणजे रेंजरकडे अर्ज करायचा.

पण अर्ज मंजूर झाला तरी बंदूक कुठे आहे? तिचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, तो वेगळा. ज्याच्याकडे ती आहे, तो रात्री दोन वाजता तुमच्या बांधावर यायला हवा. नेम चुकून जनावर जखमी होऊन पळालं तर वेगळीच भानगड. आणि मेलंच, तरी कलम ३९ प्रमाणे ते सरकारची मालमत्ता. मटणाची वाटणी नाही, पंचनामा. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, नाहीतर पीकरक्षणाच्या नावाखाली काय काय मारलं जाईल हे सांगायला नको. पण रात्री शेतात उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून ना जुना परवाना लिहिला गेला, ना नवी परवानगी.

म्हणून तो दुसऱ्याच अर्जाच्या मागे लागतो, नुकसानभरपाईच्या. सातबारा जोडायचा, फोटो लावायचे आणि पंचनाम्याला गार्ड येईपर्यंत उरलेल्या पिकाची जागल करायची.