छर्‍याच्या बंदुकीला दुर्बीण बसवताय? आधी हे वाचा

अर्धापूर : पोरगं छर्‍याच्या बंदुकीनं नेमबाजी शिकतंय, आता दुर्बीण पाहिजे म्हणतंय? स्पर्धेसाठी असेल तर पैसे वाचवा. दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरचं कांस्यपदकही दुर्बिणीविना जिंकलं.

घरच्या सरावाला चौपट मोठं दाखवणारी भरपूर झाली. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागं-पुढं दोन्हीकडं बसतो, त्यात साधी दुर्बीण खिळखिळी होते. एअर रायफलसाठीचीच घ्या, अन् दहा मीटरवर चित्र स्पष्ट दिसतं का ते दुकानातच बघा.

जुळवताना निशाणामागं मातीचा ढिगारा हवा. केळीतल्या पाखरांवर नेम धरला तर वन्यजीव कायद्यात अडकाल. वाळूच्या पिशवीवर तळहात, तळहातावर बंदूक. आधी दहा मीटरवरून, मग पंचवीसवरून पाच-पाच छर्रे मारा आन् पाचांचा मध्य धरा. दुर्बिणीवर १/४ एमओए लिहिलेलं असेल तर २५ मीटरला एका क्लिकला छर्रा सुमारे १.८ मिलिमीटर सरकतो. दोन सेंटिमीटर खाली लागतोय? ११ क्लिक 'अप'. बाण छर्रा कुठं जाईल ते दाखवतो, इथंच लोक उलटं फिरवतात.

छर्‍याची कंपनी बदलली की परत जुळवा.