चिठ्ठीतून निघालेला शिपाई

आपल्याकडे सैन्यभरती म्हटली की डोळ्यांसमोर येतात ती पहाटेच्या अंधारात मैदानावर सोळाशे मीटर धावणारी पोरं. जागा मूठभर, रांग मैलभर. सरकारने घरी पत्र पाठवून तरुणाला फौजेत ओढायचे, हा प्रकार स्वतंत्र भारताने पाहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची हिंदी फौज २५ लाखांवर गेली, तीही सक्तीच्या कायद्याविना. म्हणूनच व्हिएतनाममधल्या अमेरिकी शिपायाशी आपली ओळख झाली ती हॉलिवूडमुळे. चिठ्ठीत नंबर लागलेला, एकोणीस वर्षांचा, जबरदस्तीने जंगलात आणून टाकलेला आणि रोज लढणारा. या वर्णनातला प्रत्येक शब्द तपासून घ्यावा असा आहे.

व्हिएतनाममध्ये लढणारे बहुतेक सगळे सक्तीने आणलेले होते, हा पहिला समज. प्रत्यक्षात तिथे गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण दोन तृतीयांश स्वतःहून भरती झालेले होते. १९६९च्या मध्यापर्यंत तर भूदलातल्या शिपायाच्या क्रमांकावरूनच हे कळे. स्वतःहून आलेल्याच्या क्रमांकाआधी ‘आरए’, सक्तीने आणलेल्याच्या क्रमांकाआधी ‘यूएस’. गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरही तेच कोरलेले.

पण ही आकडेवारी ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. बोलावणे येणारच असे दिसले की अनेकजण आधीच जाऊन नाव नोंदवत. त्यात सौदा असा होता: सक्तीने गेलात तर दोन वर्षे, पण सैन्य देईल ते काम. स्वतःहून गेलात तर बहुधा तीन वर्षे, पण रेडिओ, वाहनदुरुस्ती, कारकुनी यांतले एखादे काम पदरात पाडून घेण्याची संधी. एक जास्तीचे वर्ष देऊन बंदुकीपासून लांब राहायचे, असा तो हिशेब. त्याला ‘स्वेच्छा’ म्हणायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. हा सौदा ज्याने केला नाही किंवा ज्याला तो कळलाच नाही, त्याच्या कागदावर अनेकदा ‘११बी’ हा शिक्का बसे. म्हणजे पायदळाचा साधा रायफलधारी. त्यामुळे एकूण फौजेत अल्पसंख्य असलेले सक्तीचे शिपाई मोर्च्यावरच्या पायदळ तुकड्यांत मात्र दाटीने दिसत. १९६९च्या सुमारास तर तिथे तेच बहुसंख्य होते.

दुसरा समज चिठ्ठ्यांचा. युद्धाच्या ऐन भडक्यात, म्हणजे १९६५ ते १९६९ या काळात, चिठ्ठी नव्हतीच. देशभरातली सुमारे चार हजार स्थानिक मंडळे तरुणांची वर्गवारी करत. मंडळावर गावातलीच प्रतिष्ठित माणसे बसलेली. कॉलेजात शिकणाऱ्याला मुदत मिळे, वडील झालेल्याला सूट मिळे. नुसत्या लग्नाचाही फायदा होता, पण २६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केले की त्या मध्यरात्रीनंतर लग्न करणाऱ्याला तो मिळणार नाही. त्या दिवशी लास वेगासमध्ये १७१ लग्ने लागली, त्यांपैकी ६७ एकाच न्यायाधीशाने लावली. आपल्याकडच्या सामुदायिक विवाहातल्या भटजींनीही हात जोडावेत असा हा वेग.

चिठ्ठ्या आल्या त्या १ डिसेंबर १९६९ रोजी. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यातून एकेक काढल्या गेल्या. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याला बोलावणे आधी. पहिली निघाली १४ सप्टेंबर. वशिल्याला वाव नको म्हणून ही सोडत, पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने ओतल्या होत्या आणि नीट घोळल्याच नव्हत्या. त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्यांच्या तारखा जास्त लवकर बाहेर पडल्या. संख्याशास्त्रज्ञांनी ती चूक लगेच पकडली. पुढच्या वर्षी पद्धत बदलली. डिसेंबरात जन्मलेल्यांचे नंबर मात्र तेच राहिले. त्या पहिल्या सोडतीत बोलावणे १९५व्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

आता ‘एकोणीस वर्षांचा पोरगा’. १९८५च्या एका ब्रिटिश गाण्याने हा आकडा जगभर रुजवला. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकाचे सरासरी वय बाविशीच्या आसपास होते. पण सरासरी नेहमी थोडी फसवते. मृतांची वयवार यादी लावली तर सर्वांत मोठा गट वीस वर्षांच्यांचा आहे, १४ हजारांवर. म्हणजे गाणे आकड्यात चुकले, फार काही चुकले असे नाही.

रोज लढाईही होत नसे. बरेचसे सैनिक तळांवर पुरवठा, दुरुस्ती, स्वयंपाक, हिशेब यांत गुंतलेले. पायदळाच्या वाट्यालाही मुख्यतः आले ते चालणे, खड्डे खणणे, रात्रीचा पहारा आणि पाठीवर पंचवीस-तीस किलोंचे ओझे. पायांत सदैव ओले बूट.

नकार देणाऱ्याला तुरुंग किंवा कॅनडा एवढेच मार्ग होते, असेही मानले जाते. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने १९६७ साली नकार दिला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ती रद्द केली. पण कायद्यात तिसरी वाटही होती: गणवेश घालायचा, हत्यार धरायचे नाही. थॉमस बेनेट हा त्या वाटेने गेलेला. पायदळ तुकडीबरोबर तो औषधांची पिशवी घेऊन फिरत असे. फेब्रुवारी १९६९मध्ये जखमींना उचलून आणताना तो मारला गेला आणि देशाचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला मरणोत्तर मिळाले.

राहिली सक्तीच्या शिपायाची दोन वर्षे. प्रशिक्षणाचे चार-साडेचार महिने, मग व्हिएतनामचे बारा. ते बारा महिने पूर्ण करून परतताना सेवेचे १५० दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील तर लगेच सुटका होई. उरलेले दिवस त्याहून थोडे जास्त भरले, तर मायदेशात कवायती आणि झाडलोट. म्हणून काही शिपाई बोटांवर दिवस मोजून युद्धभूमीवरचाच मुक्काम काही आठवड्यांनी वाढवून मागत. बाहेरच्याला हे वेड वाटेल, हेल्मेटच्या कापडावर पेनने कॅलेंडर काढून दिवस खोडणाऱ्याला ते साधे गणित होते. मग भाड्याचे प्रवासी विमान, ओकलंडच्या लष्करी तळावर नवा गणवेश, स्टेकचे जेवण आणि मुक्तीचा कागद. जंगल सोडल्यापासून काही दिवसांतच माणूस नागरिक. कागदोपत्री मात्र बंधन सहा वर्षांचे होते. उरलेली वर्षे त्याचे नाव राखीव फौजेच्या यादीत राही.