मंदी, कामाचा ताण आणि काही घट्ट बसलेले गैरसमज

भाईंदर पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. बाजारात माल उठेनासा झाला की पहिली झळ बसते ती नगावर मजुरी घेणाऱ्या पॉलिशवाल्याला. ऑर्डर अर्धी झाली की कमाईही अर्धी होते. खोलीचं भाडं मात्र तेवढंच. मग चार दिवस बसून काढायचे आणि काम आलं की रात्रंदिवस मशीनवर उभं राहायचं.

‘नोकरी गेलेल्याला ताण, टिकलेल्याला कसला?’ असं सर्रास म्हटलं जातं. पण टिकलेल्याच्या अंगावर गेलेल्यांचं काम येऊन पडतं, वर ‘उद्या आपला नंबर’ ही धास्ती. त्यामुळे तो रजा मागत नाही, ताप अंगावर काढतो.

‘जास्त काम केल्यानं कुणी मरत नाही’ हेही खोटं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. हे फक्त कामाचे तास. मीरा रोडहून चर्चगेटपर्यंत लोकलमध्ये उभ्यानं जाणारा वेळ यात नाही.

ताणाला मनाचा कमकुवतपणा समजणाऱ्यांनी रक्तदाब मोजून पाहावा. धास्ती लांबली की झोप मोडते, रक्तदाब आणि साखर वाढते. ‘थोडी घेतली की झोप लागते’ म्हणतात, पण दारूनं डोळा लागला तरी उत्तररात्री झोप तुटत राहते.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज कागदांचा आहे: ‘ठेकेदाराकडे, नगावर काम करतो, म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही.’ कायदा लागू असलेल्या, दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत कमावणारा ठेक्यावरचा कामगारही त्यात येतो. आजारपणात, हप्त्यांची अट पूर्ण असेल तर, वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. नोकरी गेलेल्या विमाधारकांसाठी 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, म्हणून ती चालू आहे का हे ईएसआयच्या शाखेत आधी विचारावं. मजुरीतून हप्ता कापला जात असेल, तर विमा क्रमांक आजच मागून घ्या. गाळ्याचं शटर पडल्यावर तो देणारा सापडत नाही.

मनावरचा भार असह्य झाला तर टेलि-मानस हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत, रात्रीही बोलता येतं.