माउंटन बाईकची कुरकुर थांबेना? तेल सोडण्याआधी आधी हे तपासा

कामठा (जि. गोंदिया) : धानाच्या बांध्यांमधले कच्चे रस्ते, पावसाळ्यात चिखल आणि पुढे धूळ. अशा रस्त्यांवर रोज चालणारी माउंटन बाईक हळूहळू कुरकुरू लागते. अनेक जण लगेच चेनवर तेल सोडतात, पण आवाज कायम राहतो. कारण दोष बरेचदा चेनमध्ये नसतोच.

आवाज होतो कसा?
घट्ट बसवलेल्या दोन भागांमधले ग्रीस धुऊन जाते आणि माती शिरते. जोर पडला की हे भाग केसभर सरकतात, अडतात, पुन्हा सरकतात. तीच कुरकुर. फ्रेमच्या नळ्या पोकळ असल्याने आवाज त्यांतून पसरतो. त्यामुळे सीटपोस्टचा आवाजही पायडलजवळून आल्यासारखा वाटतो.

नेमका कुठून येतो?
• सीटवरून उठून पायडल मारा. आवाज गेला, तर सीट किंवा सीटपोस्ट तपासा.
• पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला आवाज येतो? पायडल, क्रँक किंवा बॉटम ब्रॅकेट पाहा.
• तीन-चार फेऱ्यांनी एकदाच 'टक्' होते? चेनची एखादी कडी अडकत असेल. ११६ कड्यांची चेन ३२ दात्यांच्या चेनरिंगवर साधारण साडेतीन फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते.
• पायडल थांबवूनही चाकासोबत आवाज येतो? स्पोक आणि हब तपासा.
• पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खडखडली, तर हँडलखालचा हेडसेट ढिला असू शकतो.

दुरुस्ती करताना
एका वेळी एकच भाग उघडा. पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या, घट्ट करा आणि फेरी मारून पाहा. सगळे एकदम उघडले, तर दोष कुठे होता हे कळत नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवल्यावर सुटते. डिस्क ब्रेकवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

दुर्लक्ष का नको?
ढिल्या क्रँकवर सायकल चालवत राहिल्यास त्याचे चौकोनी भोक झिजते. मग नट आवळून उपयोग होत नाही, क्रँकच बदलावा लागतो. फ्रेमच्या जोडाजवळ रंगावर बारीक रेघ दिसली, तर ती तडा असू शकते. अशी सायकल मेकॅनिकला दाखवेपर्यंत चालवू नका.