भंगारातली येझदी घेताय? आधी कागद बघा!

जुनी येझदी, राजदूत किंवा बुलेट भंगारवाल्याकडे दिसली की हात शिवशिवतात. पण आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नावावर झाली नाही, तर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच.

१. चासी नंबर: फ्रेमवरचा गंज हलक्या हाताने पुसा, कागद धरून पेन्सिल फिरवा आणि उठलेला आकडा आरसीशी ताडून पाहा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर सौदा सोडा.

२. नोंदणीची स्थिती: 'परिवहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. खूप जुनी नोंद ऑनलाइन नसेल तर मूळ आरटीओत चौकशी करा. नोंदणी रद्द करून गाडी स्क्रॅप झाली असेल, तर नाद सोडा. चोरीची नोंदही तपासा.

३. फॉर्म: हस्तांतरासाठी २९ आणि ३०, मूळ मालक हयात नसेल तर वारसांसाठी ३१, सरकारी लिलावातल्या गाडीला ३२. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून मालकाने फॉर्म २६ भरायचा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी. जुनं कर्ज नोंदलेलं असेल तर फॉर्म ३५.

४. नूतनीकरण: १५ वर्षांनंतर फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. मुदत पाच वर्षं.

पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' ही विंटेज मालिका आहे; मात्र त्या नोंदणीवर रोज गाडी फिरवता येत नाही.

मूळ मालकाची किंवा त्याच्या वारसांची सही मिळत असेल, तरच पैसे मोजा.